चित्र गेल्यावर

त्या मेलमध्ये तक्रार अशी नव्हतीच. कुंडलिकने ती वाचली, पुढच्या दोन वाचल्या, चहाचा कागदी कप टेबलाच्या कडेला सरकवला, आणि मग मागून कुणी हाक मारावी तसा वळून पुन्हा त्याच मेलवर आला. पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका माणसाने ती लिहिली होती. त्याचं इंग्रजीही कुंडलिकच्या इंग्रजीसारखंच, मोठेपणी शिकून कमावलेलं, ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. त्याने लिहिलं होतं की लहानपणी आजारात माझे डोळे गेले. आमच्या कचेरीत रजा मागायचं पान आहे, ते तुमचे तुकडे वापरून बांधलंय. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी ऐकतो. तुमची खिडकी उघडते तेव्हा मला कुणी सांगत नाही. ती मिटते तेव्हा मी पानाच्या अगदी वरच्या टोकाला फेकला जातो, आणि तिथून चाचपडत परत खाली यावं लागतं. येतो मी. वेळ लागतो, इतकंच. पण विचारावंसं वाटलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

सन दोन हजार सात चालू होतं. कुंडलिक पुण्यात एका कंपनीत विम्याची सॉफ्टवेअरं लिहायचा, पण ही मेल नोकरीतली नव्हती. वेबसाईट बांधायचा एक सांगाडा होता, फ्रेमवर्क म्हणायचे त्याला. फुकट. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करून परत ठेवावा. एकमेकांची तोंडं न पाहिलेली पाच-पंचवीस माणसं जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत बसून तो उभा करत होती, आणि त्या सांगाड्यावर बसवायचे तयार तुकडे, म्हणजे मेनू, कॅलेंडर, पानावर उमटणारी छोटी खिडकी, असे कंपोनंट घडवत होती. त्यातली खिडकी कुंडलिकची. दोन वर्षांचे रविवार तिच्यात गेले होते. ती एकदम उघडायची नाही. पान मागे मंद व्हायचं आणि खिडकी हळूहळू गडद होत वर यायची. मेलिंग लिस्टवर कुणीतरी विचारलं होतं, ही कल्पना कुठून सुचली? त्याने उत्तर दिलं नव्हतं. माळशेजच्या धुक्यातून समोरचं मेंढरू असंच उमटतं, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्याला जमलं नव्हतं.

अशा मेलला उत्तर द्यायची एक रीत होती. 'दुरुस्ती करून पाठवा, आनंदाने घेऊ.' त्यात उद्धटपणा नव्हता, सगळेच एकमेकांना तसं म्हणायचे. कुंडलिकने ते वाक्य अर्धं टाइप केलं आणि थांबला. ठाऊक आहे का, हा प्रश्न त्याला उगाच बोचत राहिला. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर त्याने ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, कानांवर हेडफोन चढवला आणि मॉनिटरचं बटण दाबून पडदा बंद केला. कानात एक कोरडा, घाईघाईचा आवाज सुरू झाला. दुवा, दुवा, चित्र, बटण. त्याने बटण दाबलं. आवाज थांबला. खिडकी उघडली असणार. ती त्याने स्वतः घडवली होती, तिचा कोपरान् कोपरा त्याला पाठ होता, आणि ती कुठे आहे हे त्याला समजत नव्हतं. त्याने एक कळ दाबली, दुसरी दाबली. आवाज पानाच्या तळाशी कुठेतरी भलतंच काही वाचायला लागला. काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, भांबावलेला. हात मॉनिटरच्या बटणाकडे गेला, लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात त्याला आठवली ती आई, गेल्या रविवारी पॅसेजमध्ये उभी असलेली.

का आठवली ते त्याला कळेना. विशेष काही घडलं नव्हतं. गजराबाई, त्याची आई, हातात चहाचा कप घेऊन पॅसेजच्या मधोमध उभी होती. तो कॉम्प्युटरवर होता. काही वेळाने त्याला जाणवलं की ती बराच वेळ तशीच उभी आहे. "काय गं आये, काय पायजे?" त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "काय न्हाई. आशीच," ती म्हणाली. मग त्याने पुन्हा बघितलं तेव्हा ती तिथे नव्हती. एवढंच. पण आता ऑफिसमधल्या थंड हवेत त्याच्या मानेवर घाम आला. ब्रॉडबँडची वायर पुढे पोचत नव्हती म्हणून त्या आठवड्यात त्यानेच कॉम्प्युटरचं टेबल पॅसेजच्या तोंडाशी ओढून आणलं होतं. आई उभी होती ती नेमकी त्या टेबलाच्या अलीकडे.

आई पुण्याला आली त्याला तीन वर्षं झाली होती. वडील, जानकू, गेले, मेंढरं विकली, आणि मढच्या घरात ती एकटी उरली म्हणून त्याने तिला वारज्याच्या फ्लॅटवर आणलं. पहिलं वर्ष तिने जीव खाल्ला होता. रोज खाली उतरायची, देवळापाशी बायकांत बसायची, रस्त्याकडेच्या शेळीच्या तोंडात हात घालून दात बघायची, आणि संध्याकाळी म्हणायची, मला मढला पोचव. मग हळूहळू ते थांबलं. खाली जाणं थांबलं. तांदूळ निवडणं थांबलं, पाठ दुखते म्हणाली. गॅसची भीती वाटते म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर पडली. सकाळी शीलाला विचारायची, आज कोनतं लुगडं काढू? कुंडलिक हे सगळं बघत होता आणि मनातल्या मनात सुखावत होता. आई आता इथे रुळली, असं त्याने ऑफिसात एक-दोघांना सांगितलंही होतं.

बसमध्ये खिडकीशी बसून तो लवकर घरी निघाला तेव्हा रस्त्याकडेची दुकानं डोळ्यांसमोरून सरकत होती आणि तो माळशेज घाट उतरत होता. पाच-सहा वर्षांचा असेल. दिवाळीनंतर कळप घेऊन मुरबाडच्या बाजूला उतरायचं, होळीनंतर वर यायचं, हे घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर तो, आणि घोड्याचा लगाम आईच्या हातात. धुकं इतकं की घोड्याचे कान दिसत नव्हते. तो रडायला लागला. आई म्हणाली, "डोळं मिट. मिटलं की भ्या वाटत न्हाई. मी हाय नव्हं म्होरं?" त्याने मिटले. खरंच भीती गेली. खुरांचा आवाज, वडिलांची मागून येणारी हुर्रर हुर्रर, ओल्या लोकरीचा वास. तिला तेव्हा तरी काय दिसत होतं? तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही. पुढे तो जुन्नरला वसतिगृहात शिकायला गेला, मग पुण्याला, आणि कळप त्याच्याशिवाय घाट उतरत राहिला.

त्याने किल्लीने दार उघडलं. टीव्ही चालू होता. हिंदी मालिकेतली कुठलीशी सासू तावातावाने बोलत होती, मागे ढोल वाजत होते. आई सोफ्याच्या कडेवर पुढे वाकून बसली होती, हनुवटी हातावर, तोंड थेट टीव्हीकडे. कथा रंगात आली असावी, कारण तिचे ओठही हलत होते. कुंडलिक चपला काढत वळला आणि त्याने टीव्हीकडे बघितलं. पडदा काळा होता. चित्र नव्हतंच. नुसता आवाज.

"आये," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "चित्र कवा गेलं गं?"

ती दचकली. मग हसली. "कसलं चित्र? हां, त्ये व्हय... आत्ताच गेलं जनू. मी म्हटलं यील."

तेवढ्यात शीला, त्याची बायको, आतून हात पुसत आली. ती अवसरी बुद्रुकची, शाळेत कारकून. दुपारीच घरी यायची. "पिक्चर ट्यूब गेलीय सोमवारपासून," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं ना माणूस बोलवा म्हणून?"

मालिकेतली सासू रडायला लागली. आईने हात पुढे केला, सोफ्याच्या कडेवरून, उशीच्या शिवणीवरून बोटं सरकवत रिमोट शोधला, आणि आवाज बंद केला.

स्वयंपाकघरात तो शीलाला म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालंय आणि तुम्हाला तो विषय नकोय. मी वस्तू जागच्या जागी ठेवत होते. तुम्ही टेबल हलवलंत तेव्हा मला नवल वाटलं. पण म्हटलं, आईंच्या बाबतीत मी कोण सांगणार."

त्या रात्री तो आईच्या खाटेवर पायथ्याशी बसला. "का न्हाई सांगितलंस?" त्याने विचारलं. आई भिंतीकडे बघत होती, किंवा बघत नव्हती. "काय सांगायचं? तू दिसभर त्या उजेडाम्होरं डोळं फोडून घेतोस. म्हटलं, ह्येला आनिक डोळ्याचंच काय सांगायचं. पयलं वाटलं म्हातारपन आसंल. कडंकडंनं अंधारून यायचं. मग मधलंबी." उशी चाचपून नीट करत ती म्हणाली, "आन सांगितलं आसतं तर तू मला मढला जाऊ दिलं नसतंस." तीन वर्षांत तिला एकदाही मढला नेलं नव्हतं हे त्याच्या ओठांवर आलं, आणि त्याने तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, आणि हळू बोलणारी. काचबिंदू, ती म्हणाली. उजव्या डोळ्याची शीर पूर्ण वाळलीय. डाव्यात सुईच्या नेढ्याएवढं उरलंय, तेवढं थेंब घालून राखायचं. गेलेलं परत येत नाही. "हा आजार कडेकडेने येतो, म्हणून माणसाला स्वतःलाच उशिरा कळतं. घरच्यांना तर नाहीच." ती हे त्याच्या समाधानासाठी म्हणाली असावी. "वर्षभर आधी आणलं असतं तर?" कुंडलिकने विचारलं. डॉक्टर औषधाचं नाव लिहीत राहिली. "आता ते कशाला?" आई स्टुलावर ताठ बसली होती, हात मांडीवर, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलीसारखी. तिला कळत होतं की तिच्याबद्दल चाललंय. "बाई, तुमचं गाव कंचं?" तिने डॉक्टरला विचारलं, आणि तोंड केलं ते दाराकडे, जिथे परिचारिका उभी होती.

त्या आठवड्यात कुंडलिकने खिडकी दुरुस्त केली. दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणूनही असेल. पडद्याकडे न बघता, हेडफोन लावून, पॅसेजमधून हलवून पुन्हा बेडरूममध्ये नेलेल्या टेबलाशी. खिडकी उघडली की वाचणाऱ्या आवाजाने सांगितलं पाहिजे की ती उघडलीय आणि तिचं नाव काय. ती मिटली की माणूस जिथून आत शिरला होता त्याच जागी त्याला आणून सोडलं पाहिजे. बस, इतकंच. आत शिरताना ती जागा लक्षात ठेवायची, बाहेर पडताना परत द्यायची. मोजक्या ओळी होत्या. एवढ्या थोड्या ओळी दोन वर्षं राहून गेल्या होत्या, आणि त्या काळात तो रंग किती सावकाश गडद व्हावा हे ठरवत बसला होता. बदल टाकला आणि दोन दिवसांनी पोर्तुगालहून उत्तर आलं. 'आता मी जिथे असतो तिथेच राहतो. उपकार झाले.' कुंडलिक ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला. खालून कुणीतरी मोबाइलवर हसत वर येत होतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं.

घरात मात्र त्याला काहीच जमेना. तो मध्येच ओरडून सांगायचा, आये, डाव्या हाताला खुर्ची हाय, आणि ती दचकून उजवीकडे आदळायची. तो तिचा हात धरायचा आणि ती लाकडासारखी व्हायची. शीला एक शब्द न बोलता कपाचा कान तिच्या बोटांशी यावा असा ठेवायची, आणि कप सहज उचलला जायचा. हे त्याला शिकता येईना. पगाराच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी आईने त्याला फोन केला. शीलाने लावून दिला असणार. "मला मढला पोचव," ती म्हणाली. "हितं मला समदं शिकायला लागतं रं. पाणी कुटं, दार कुटं. तिथं न्हाई लागत. तिथलं माझ्या पायाला ठावं हाय." तिथे तुला कोण बघणार, असं तो म्हणत राहिला. घरी आल्यावरही म्हणत राहिला. शेवटी शीलाच म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. तुमच्यासाठी ठेवून घेऊ नका." ते शब्द त्याला लागले, आणि ते खरे होते म्हणून जास्त लागले.

एसटीने आळेफाटा, तिथून जीप. आई खिडकीशी बसली होती, पदर वाऱ्यावर, नाक वर करून. ओतूर गेलं. डिंगोरे गेलं, रस्ता आता रुंद झाला होता आणि जीप कुठेच थांबली नाही. बऱ्याच पुढे आल्यावर ती म्हणाली, "डिंगोरं यील आता. हितल्या मळ्यात आपलं मेंढरू बसायचं. मळेवालं बोलवायचं तुझ्या बापाला, आमच्याच रानात बसवा म्हनून. लेंडीखत लई गुणाचं. बोरीचं झाड दिसलं का रं?" कुंडलिकने खिडकीबाहेर बघितलं. पेट्रोलपंप होता. "हां, दिसलं की," तो म्हणाला. "हाय अजून." ती समाधानाने मागे टेकली.

मढला तिची जाऊ ठकूबाई अंगणात वाट बघत होती. तिचा मुलगा भैरवनाथ थोडी मेंढरं राखून होता, बाकी शेती. ठकूबाईने आईला मिठी मारली, दोघी रडल्या, हसल्या, आणि मग आई एखादं घोंगडं झटकावं तशी पुण्याची तीन वर्षं झटकून टाकत घरात शिरली. कुंडलिक बघत राहिला. ती उंबरा न अडखळता ओलांडत होती. चुलीपाशी बसत होती. परसात जाऊन येत होती. ठकूबाई सारखी पुढे पुढे चालायची आणि तोंडाला खळ म्हणून नव्हता तिच्या, हितं आता फरशी टाकली, ह्यो दगड भैरूनं लोटला, आगं ह्या पायरीचं काय सांगू तुला. कुंडलिकला वाटलं, चुलती म्हातारपणी बडबडी झाली. भैरवनाथला त्याने थेंब कसे घालायचे ते दाखवलं. "काळजी करू नगंस," तो म्हणाला, "आमी हाय की." दोन दिवस तो राहिला आणि दोन्ही दिवस त्याच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. कोकराचं बें ऐकून आईने ते कुठल्या मेंढीचं ते विचारलं. वाटीभर दूध न सांडता त्याच्यापुढे ठेवलं. इथे हिला दिसतंयच जणू, असं त्याने रात्री शीलाला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्याला हलकं, जवळजवळ आनंदी वाटलं.

निघायच्या सकाळी आई अंगणाच्या कडेपर्यंत आली, कुणाचा हात न धरता. ठकूबाई दोन पावलं पुढे होती. "जा आता," आई म्हणाली. तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कपाळ, नाक, वाढलेली दाढी, आणि ते हात नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ राहिले. "शीलाला जप. शानी हाय. आन माझी काळजी सोड. हितं मला डोळं लागत न्हाईत." तो पाया पडला आणि उतारावरून खाली रस्त्यावर आला. रस्ता अंगणाच्या अगदी पायथ्याशी, मध्ये फक्त करवंदीची जाळी. जीप उभी होती. त्याने पिशवी आत टाकली तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, वरच्या वाडीवरनं दोन पावणं घिऊन येतो लगेच. तुमी हितंच थांबा, पिशवी ऱ्हाऊ द्या." जीप सुरू झाली, धूर सोडत चढावर गेली आणि वळणाआड तिचा आवाज बारीक होत विरला. कुंडलिक जाळीच्या सावलीत उभा राहिला. सकाळचं ऊन कोवळं होतं, धरणाच्या पाण्यावरून गार वारा येत होता, आणि त्याला वाटलं, सुट्टी घेऊन महिन्यातून एकदा येता येईल.

"गेली का गं जीप?" वरून आईचा आवाज आला.

"गेली की. वळली," ठकूबाई म्हणाली.

मग आईने एक लांब श्वास सोडला, इतका लांब की तो खाली ऐकू आला. "मग धर मला, ठके," ती म्हणाली. "घट धर. पायरी कुटं हाय तीच मला घावंना. ह्यो हुता तवर नुसती तुझ्या आवाजामागं चालत हुते बग. म्हटलं, पडले त्येच्यासमूर तर पुन्यांदा घिऊन जाईल."

"आगं, मग सांगायचं की लेकाला!"

"काय सांगू? जाऊ दे त्येला सुखानं." बांगड्या वाजल्या. दोघींची पावलं, एक ठाम आणि एक घासत येणारी, मध्येच थांबणारी. "हळू गं. हितं काय हाय? ह्ये काय लागलं हाताला?"

"खांब हाय. तुझाच खांब."

"व्हय? ह्यो हितं हुता व्हय?"

कुंडलिकने हाक मारायला तोंड उघडलं. पाय उचलला. पायाखाली खडी होती, वाळकी पानं होती. त्याने पाय होता तिथेच परत ठेवला, अगदी सावकाश, आवाज होऊ न देता, आणि आई घरात पोचेपर्यंत तो तसाच उभा राहिला.